कोकणच्या डोंगराला शिखर का नसतं?

रत्नागिरीहून गणपतीपुळ्याला जाताना आरे-वारेचा रस्ता धरला, की गाडीतले सगळे डावीकडच्या खिडक्यांना चिकटतात. खाली पुळण, सुरूचं बन, एकामागून एक येणाऱ्या फेसाच्या रेघा. वळणावर गाडी थांबते, फोटो निघतात, मंडळी पुढे जातात. ज्याच्या अंगावर हा रस्ता काढलाय त्या डोंगराकडे मात्र फारसं कुणी बघत नाही. खरं तर बघण्यासारखा तोच आहे, कारण तो विचित्र आहे. चढ संपला की शिखर यायला हवं, ते येतच नाही. येतो तो सपाट, काळपट कातळ. दूरवर पसरलेला, मधूनच एखादं खुरटं करवंदीचं जाळं, चार गुरं, आणि पलीकडे खाडी ओलांडून पुन्हा तसाच सपाट माथा. होडीतून किनाऱ्याकडे पाहिलं तर हे आणखी ठळक दिसतं. जयगडपासून पूर्णगडापर्यंत डोंगरांची वरची कड जवळपास एका रेषेत जाते.

या सपाट माथ्याला कोकणात सडा म्हणतात. वाडी डोंगराच्या पायथ्याशीच का वसली, तीन हजार मिलिमीटर पाऊस पडून मे महिन्यात टँकर का येतो, रेल्वेच्या बोगद्यात चिखल का घुसतो, हापूसच्या बागेसाठी सुरुंग का लावावा लागतो, या सगळ्या प्रश्नांची उत्तरं या सड्याच्या पोटात आहेत. तेव्हा समुद्राकडे थोडा वेळ पाठ करू.

दगडाचा चोथा

सड्याचा दगड म्हणजे जांभा. तांबडा, भोकाभोकांचा, हाताला खरखरीत. पण जांभा हा जन्माने जांभा नसतो. रत्नागिरीच्या परिसरात तो मुळात बेसॉल्ट होता. साधारण ६.६ कोटी वर्षांपूर्वी भेगांमधून वर आलेल्या लाव्ह्याचे थरावर थर साचले आणि त्यातून महाराष्ट्राचा बराचसा भाग घडला. रायगड-राजगडाचे कडे ज्या काळ्या पाषाणाचे, तोच हा. मग इथे तो तांबडा आणि सच्छिद्र कसा झाला?

पावसाने. पावसाचं पाणी हवेतला कार्बन डायऑक्साइड विरघळवून घेऊन येतं, त्यामुळे ते किंचित आम्लधर्मी असतं. कुजणाऱ्या पालापाचोळ्यातून जमिनीत झिरपताना त्यात आणखी आम्लं मिसळतात. असं पाणी उष्ण हवेत दगडात मुरत राहिलं, की दगडातली खनिजं फुटायला लागतात. सोडियम, पोटॅशियम, कॅल्शियम, मॅग्नेशियम हे आधी निघून जातात. सिलिकाही हळूहळू जाते. लोह आणि अ‍ॅल्युमिनियम मात्र पाण्यात सहजी विरघळत नाहीत, ते मागे राहतात. चहाच्या पुडीवर पुन्हा पुन्हा उकळतं पाणी ओतलं तर रंग, चव, सगळं निघून शेवटी चोथा उरतो. जांभा हा बेसॉल्टचा चोथा आहे. फरक एवढाच, की हे पाणी लाखो वर्षं ओतलं गेलं.

मागे राहिलेलं लोह हवेतल्या ऑक्सिजनशी जुळून गंजतं. जांभ्याचा तांबडा रंग हा गंजाचाच, आणि त्यातल्या पिवळसर-तपकिरी छटा म्हणजे पाणी धरून बसलेला गंज. काही ठिकाणी लोहापेक्षा अ‍ॅल्युमिनियमचं प्रमाण जास्त उरलं, तिथे बॉक्साइट तयार झालं. दापोली-मंडणगडाकडे आणि कोल्हापूरच्या उंच पठारांवर ते सापडतं, ते याच कारणाने.

यात एक गोष्ट सहज निसटते. नुसता पाऊस पुरेसा नाही, पावसाळ्यानंतरचे कोरडे आठ महिनेही तितकेच लागतात. पावसाळ्यात जमिनीखालच्या पाण्याची पातळी वर चढते, विरघळलेलं लोह इकडून तिकडे सरकतं. उन्हाळ्यात पातळी खाली जाते, हवा आत शिरते, लोह जागच्या जागी घट्ट होतं. दरवर्षी हा खेळ. त्यातून लोहाची जाळी विणली जाते आणि जाळीच्या भोकांतला मऊ भाग धुऊन जातो. बारमाही पावसाच्या प्रदेशात किंवा वाळवंटात असा दगड सहसा होत नाही. आपला मान्सून आणि जांभा यांची जोडी जमली ती अशी.

या दगडाचा दुसरा गुण गवंड्यांना पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक होता. जमिनीत असताना तो बराच मऊ असतो, अवजाराने कापता येतो. बाहेर काढून ऊन-वारा लागला की कडक होतो. फ्रान्सिस बुकानन या स्कॉटिश वैद्याने केरळातल्या अंगाडिपुरम इथे हेच पाहिलं आणि १८०७ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या प्रवासवर्णनात त्या दगडाला लॅटराइट हे नाव दिलं. कडक होण्याचं कारण पुन्हा लोहच. उघड्यावर आल्यावर लोहाच्या संयुगांतलं पाणी उडतं, स्फटिक घट्ट होतात, आणि ही प्रक्रिया उलट फिरत नाही. चिरा, म्हणजे बांधकामासाठी कापून काढलेला जांभ्याचा ठोकळा, एकदा सुकला की पुन्हा भिजवून मऊ करता येत नाही. सड्याचंही तेच झालं आहे. वरची माती वाहून गेली, जांभा उघडा पडला आणि त्याचं कवच बनलं.

हे सगळं एका नजरेत पाहायचं असेल तर चिरेखाणीच्या काठावर उभं राहावं, किंवा रस्त्यासाठी नुकतीच कापलेली दरड शोधावी. सर्वांत वर काळपट, टणक कवच. त्याखाली तांबडा, भोकांचा जांभा, चिरे निघतात तो. आणखी खाली तो ठिपक्याठिपक्यांचा होत जातो, तांबडं-पिवळं-पांढरं एकात एक. त्याच्याही खाली पांढरट-गुलाबी चिकणमाती, बोटाने उकरता येईल इतकी मऊ. मग कुजलेला, भुसभुशीत बेसॉल्ट, ज्यात मूळ दगडाचे गोटे अजून दिसतात. आणि सगळ्यांत तळाशी अस्सल काळा पाषाण. हे थर कुणी बाहेरून आणून रचलेले नाहीत, एकच दगड वरून खाली कमी-कमी कुजत गेला आहे. वर कडक आणि खाली मऊ, ही उतरंड लक्षात ठेवा. पुढचं सगळं तिच्यावरच चालतं.

माथा एकेकाळी तळ होता

आता सपाटपणाकडे येऊ. उतारावर पाऊस पडला तर तो वाहून जातो, मुरत नाही. जाड जांभा व्हायचा तर पाणी जागेवर थांबून खाली उतरायला हवं, म्हणजे जमीन सपाट किंवा अगदी मंद उताराची हवी. याचा अर्थ आज आपण ज्याला डोंगरमाथा म्हणतो, तो जांभा होत असताना सखल मैदान होता. सह्याद्रीच्या पायथ्यापासून समुद्राकडे हळूच उतरत जाणारी एक सलग पट्टी.

पुढे ही पट्टी हळूहळू उचलली गेली. सह्याद्रीचा कडा झिजत मागे सरकला, त्याचा प्रचंड भार नद्यांनी समुद्रात नेऊन टाकला, आणि भार हलका झाला तशी किनाऱ्याची जमीन वर आली, असं भूशास्त्रज्ञ मानतात. जमीन वर आली की नद्यांना जोर येतो. शास्त्री, काजळी, मुचकुंदी, वाघोटण या नद्यांनी आणि त्यांना मिळणाऱ्या असंख्य पऱ्ह्यांनी, म्हणजे ओढ्यांनी, त्या मैदानात खोल खाचा पाडल्या. खाचांच्या मधले जे तुकडे उरले, ते आजचे डोंगर. म्हणून त्यांचे माथे एका पातळीत दिसतात. इथे डोंगर वर आले नाहीत, दऱ्या खाली गेल्या. वरचं कवच टणक असल्यामुळे माथा झिजत नाही, झीज कडेने होते. खालची चिकणमाती धुपते, कवचाचा आधार जातो, आणि गाडीएवढे धोंडे तुटून उतारावर येऊन पडतात. सड्याच्या कडेला असे धोंडे सगळीकडे दिसतात, त्यांच्या फटींतून आंबा-फणस-किंजळ उगवलेले.

कासचं पठार आणि पाचगणीचं टेबललँड हे या कुटुंबातले उंचावरचे भाऊ. जांभा तोच, पण ते बाराशे मीटरच्या आसपास, घाटमाथ्यावर. रत्नागिरीचे सडे साधारण पन्नास ते दोनशे मीटरवर. कासला जागतिक वारशाचा मान मिळाला २०१२ साली. खालच्या भावाच्या नशिबी काय आलं ते पुढे येईलच.

दक्षिणेकडे मालवण-वेंगुर्ल्याला गेलात तर बेसॉल्ट संपतो आणि त्याहून कितीतरी जुने खडक लागतात. सडे मात्र तिथेही आहेत, गोव्यातही आहेत. कुठलाही दगड या हवापाण्यात पुरेसा काळ ठेवा, त्यात थोडंफार लोह असलं म्हणजे झालं.

खाड्यांची गोष्ट त्यामानाने अलीकडची. सुमारे वीस हजार वर्षांपूर्वी, शेवटच्या हिमयुगाच्या ऐन भरात, जगातलं बरंच पाणी बर्फात अडकलं होतं आणि समुद्राची पातळी आजच्यापेक्षा जवळपास १२० मीटर खाली होती. किनारा पश्चिमेला खूप लांब होता. नद्यांनी त्या खोल पातळीला जुळतील अशा दऱ्या कापल्या. मग बर्फ वितळलं, समुद्र वर चढला आणि दऱ्यांची तोंडं बुडाली. जयगड, दाभोळ, बाणकोट, विजयदुर्ग इथल्या खाड्या म्हणजे अशा बुडालेल्या दऱ्या. म्हणूनच गलबतं आतपर्यंत जाऊ शकायची आणि प्रत्येक खाडीच्या तोंडाशी, सड्याच्या टोकावर, एखादा किल्ला उभा असतो. जागा निवडणाऱ्याला भूशास्त्र माहीत नसेल, पण सपाट माथा, तीन बाजूंना पाणी आणि बांधकामाचा दगड जागेवरच, हे बघायला डोळे पुरेसे होते.

समुद्राच्या बाजूचं थोडक्यात. लाटा किनाऱ्याजवळ येताना उथळ पाण्यात वळतात आणि पुढे आलेल्या भूशिरावर एकवटतात. त्यामुळे डोंगराचं टोक ठोकलं जातं, आणि दोन टोकांच्या मधल्या आडोशाला लाटांचा जोर पसरून कमी होतो, तिथे वाळू बसते. आरे, वारे, गणपतीपुळे, मालगुंड या पुळणी अशाच दोन डोंगरांच्या बेचक्यात आहेत. वाळूचा रंगही ठिकाणागणिक बदलतो. खुद्द रत्नागिरीत भगवती किल्ल्याच्या एका बाजूला पांढरा समुद्र आणि दुसऱ्या बाजूला मांडवीची काळी वाळू. पांढऱ्यात शिंपल्यांचा चुरा जास्त, काळ्यात बेसॉल्टमधून सुटलेले इल्मेनाइट-मॅग्नेटाइटचे जड कण. कागदात गुंडाळलेलं लोहचुंबक काळ्या वाळूवरून फिरवून बघा, मुलांना मजा येते.

गणपतीपुळ्याचं देऊळ डोंगराच्या पायथ्याशी आहे आणि भाविकांच्या दृष्टीने तो डोंगरच गणपती आहे. प्रदक्षिणा घालायची ती अख्ख्या डोंगराला, साधारण एक किलोमीटरची. अशी प्रदक्षिणा चालताना एक फायदा होतो. एका फेरीत डोंगराची समुद्राकडची बाजू आणि जमिनीकडची बाजू, दोन्ही बघून होतात.

पाणी कुठे जातं

रत्नागिरीला वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो. हिशेब करून बघा. एक हेक्टर सड्यावर तीन मीटर पाणी, म्हणजे तीन कोटी लिटर. मराठवाड्यातला माणूस हा आकडा ऐकून हसेल, आणि होळीनंतर इथेही टँकर फिरतो हे सांगितलं तर त्याचा विश्वास बसणार नाही.

पावसातलं काही पाणी कवचावरून थेट पऱ्ह्यात आणि तिथून खाडीत जातं. उरलेलं भेगांमधून आत शिरतं. जांभ्यात भोकं आणि नळ्या असल्यामुळे पाणी त्यात पटकन उतरतं, पण खाली चिकणमातीचा थर लागला की अडतं, कारण त्या मातीतून पाणी फार सावकाश जातं. मग ते मातीच्या पाठीवरून आडवं सरकतं आणि डोंगराच्या उतारावर जिथे हा सांधा उघडा पडतो, तिथे झरा होऊन बाहेर येतं.

आता कोकणातली कुठलीही जुनी वाडी डोळ्यांपुढे आणा. वर सडा, मग उतार, उताराच्या खालच्या अंगाला घरं, घरांच्या मागे झरा, त्यावरून काढलेला पाट, पाटाखाली नारळी-पोफळीचं आगर, त्याखाली भातखाचरं आणि शेवटी खाडी किंवा समुद्र. सड्यावर जायला दगडी पाखाडी, म्हणजे पायऱ्यांची वाट. झऱ्याच्या उगमाशी बहुधा देवस्थान किंवा देवराई, म्हणजे तिथे कुऱ्हाड लावायची नाही. माणसं झऱ्याची रेष धरून वसली आहेत, आणि झऱ्याची रेष म्हणजे जांभा आणि माती यांचा सांधा. नकाशावर वाड्यांचे ठिपके जोडले तरी तो सांधा बराचसा काढता येईल.

या रचनेतला दोष असा, की साठा टिकत नाही. जांभा पाणी पटकन घेतो तसं पटकन सोडतोही. झरा दिवाळीपर्यंत धो-धो, होळीला करंगळीएवढा, आणि वैशाखात काही ठिकाणी नुसती ओल. सड्यावर खणलेल्या विहिरीची गत तर आणखी वाईट, तिचं पाणी चारी बाजूंच्या उतारांनी पळालेलं असतं. त्यामुळे सड्यावर बंगल्यांची वसाहत टाकून प्रत्येकाने बोअर मारली, की वरचं आणि खालचं पाणी वेगळं आहे हा समज ज्याच्या त्याच्या खर्चाने दूर होतो. पाणी एकच आहे. वर उपसलं की खाली आटतं.

मऊ मातीचा हा थर अभियंत्यांनाही सोडत नाही. कोकण रेल्वे बांधताना कठीण बेसॉल्टमधले बोगदे एक वेळ सोपे गेले. रत्नागिरीजवळचा साडेसहा किलोमीटरचा करबुडे बोगदा बेसॉल्टातून जातो. गोव्यातल्या पेडण्याच्या जेमतेम दीड किलोमीटरच्या बोगद्याने मात्र वर्षानुवर्षं छळलं, कारण तो ओल्या, मऊ मातीतून काढायचा होता. मार्ग सुरू होऊन पाव शतक उलटल्यावर, जुलै २०२४ मध्ये, त्याच बोगद्यात पाणी आणि चिखल घुसून गाड्या अडकल्या. वरून डोंगर कितीही दगडी दिसो, तो आतून तसाच असेल असं नाही.

चार महिन्यांचं जग

मे महिन्यातला सडा बघून कुणीही त्याला ओसाड म्हणेल. पाय भाजतात. दगड तांबडा असूनही पृष्ठभाग काळा दिसतो, कारण त्यावर नीलहरित शेवाळाचा आणि दगडफुलाचा वाळलेला थर असतो. मरून पडल्यासारखा दिसणारा हा थर पहिला पाऊस पडताच फुगतो आणि हिरवट होतो.

मग सगळं घाईघाईने घडतं. जूनच्या पहिल्या-दुसऱ्या पावसानंतर कोकण दीपकाडी उगवते. कांदा मातीच्या चिमटीत लपलेला, वर लांब दांडा आणि पांढरी फुलं. ही वनस्पती कोकणातल्या सड्यांची, जगात इतरत्र नैसर्गिकरीत्या मिळत नाही. रत्नागिरीच्या आसपास ती वर्षानुवर्षं माणसांच्या पायाखाली उगवते आहे. जुलै-ऑगस्टपर्यंत खोलगट जागी पाणी साचून डबकी होतात, आणि प्रत्येक डबक्याच्या कडेला वेगळी वस्ती. पाण्यात पानगेंदाची पांढरी बटणं, ओलीला सीतेच्या आसवांचा निळा-जांभळा गालिचा, जरा कोरड्या काठावर नभाळी, कवला, तेरडा. उभ्या भेगांमध्ये गवत. मातीची जाडी दोन बोटं की चार बोटं, एवढ्या फरकाने झाडं बदलतात.

सीतेची आसवं आणि दवबिंदू या दोन वनस्पती कीटक खातात. त्याचं कारण सड्याच्या जन्मकथेतच आहे. लाखो वर्षं धुतल्या गेलेल्या दगडावर पोषकद्रव्यं उरणार कुठून? नत्र जवळजवळ नाहीच. मग दवबिंदू पानांवर चिकट थेंब धरून चिलटं पकडते, आणि सीतेची आसवं जमिनीखालच्या बारीकशा फुग्यांत पाण्यातले सूक्ष्म जीव ओढून घेते. वर दिसणारं नाजूक फूल आणि खाली चालू असलेली शिकार, यांचा एकमेकांना पत्ता नसल्यासारखं वाटतं.

डबक्यांत पारदर्शक अंगाचे, उलटे पोहणारे छोटे कवचधारी जीव असतात, परी कोळंबी म्हणतात त्यांना. त्यांना जेमतेम काही आठवडे मिळतात. तेवढ्यात जन्म, वाढ, अंडी. डबकं आटलं की अंडी वाळलेल्या चिखलात पडून राहतात, कधी एका उन्हाळ्यापुरती, कधी वर्षानुवर्षं. म्हणजे मे महिन्यात ज्या कोरड्या खड्ड्यात कुणी राडारोडा टाकतो, तो खड्डा रिकामा नसतो.

ऑक्टोबरमध्ये गवत पिवळं पडतं, कापून पेंढ्या बांधल्या जातात, गुरांची बेगमी होते. टिटव्या आणि चंडोल उघड्यावरच घरटी करतात. पुढचे सात-आठ महिने पुन्हा शुकशुकाट.

कातळावरची चित्रं

या सपाट, उघड्या दगडाचा आणखी एक उपयोग फार जुन्या माणसांनी केला होता. त्यांनी त्यावर चित्रं खोदली, हीच कातळशिल्पं. गुरं चारणाऱ्यांना ती ठाऊक होतीच, कुठे त्यांना पांडवांची चित्रं म्हणत. रत्नागिरीतल्या सुधीर रिसबूड, मनोज मराठे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गावोगाव फिरून, गुराख्यांना आणि म्हाताऱ्यांना विचारून ती शोधून काढली आणि नोंदवली. उक्षी, जांभरुण, चवे, देवाचे गोठणे, रुंढे तळी, बारसू, कशेळी, सिंधुदुर्गात कुडोपी, गोव्यात पणसाईमळ. कशेळीच्या सड्यावर सुमारे १८ मीटर लांबीचा हत्ती आहे आणि त्याच्या बाह्यरेषेच्या आत इतर प्राण्यांच्या कितीतरी आकृती. बारसूला दोन वाघांसारख्या प्राण्यांच्या मधे उभा असलेला माणूस. काही ठिकाणी गेंडा आहे, जो आज कोकणात कुठेच नाही. चितारणाऱ्याने तो पाहिला असणार, तेव्हा इथलं रान आणि पाणीही वेगळं असणार.

चित्रांसाठी हीच जागा का, याचं निदान अर्धं उत्तर दगडात आहे. आडवा, सपाट, विस्तीर्ण फलक, आणि कोरायला बेसॉल्टच्या मानाने मऊ. २०२२ साली यातल्या निवडक स्थळांचा युनेस्कोच्या जागतिक वारसास्थळांच्या तात्पुरत्या यादीत समावेश झाला. त्यानंतरच्याच एप्रिलात बारसूच्या सड्यावर तेलशुद्धीकरण प्रकल्पासाठी मातीपरीक्षण सुरू झालं, गावकरी, त्यांत बायका मोठ्या संख्येने, उन्हात कातळावर आडव्या झाल्या आणि सड्याचं नाव सगळ्या महाराष्ट्राला कळलं. प्रकल्प हवा की नको यावर कोकणात आजही दोन तट आहेत. मात्र दोन्ही बाजूंच्या बोलण्यात एक वाक्य सारखं यायचं, ‘तिथे आहे काय, नुसता कातळ’. कुणी ते समर्थनासाठी म्हणे, कुणी ते खोडून काढायला.

हे वाक्य सरकारी दप्तरात फार आधीपासून आहे. सातबाऱ्यावर अशी जमीन पोटखराबा, नकाशांत पडीक. पिकत नाही म्हणजे खराब, हा शेतसारा गोळा करणाऱ्याचा हिशेब, आणि तो त्याच्या जागी बरोबरही होता. पण त्याच शिक्क्यावर पुढचे निर्णय होत गेले. १९९० पासून रोजगार हमीशी जोडलेल्या फळबाग योजनेने कोकणात आंबा-काजूची लागवड प्रचंड वाढली. सड्यावर सुरुंग लावून खड्डे फोडायचे, बाहेरून माती आणून भरायची, कलम लावायचं. पाण्याचा निचरा चांगला आणि समुद्राची हवा, त्यामुळे हापूस तिथे झकास येतो. त्या बागांनी अनेक घरं उभी केली, मुलं शिकली. तेव्हा बागायतदाराला खलनायक ठरवण्यात अर्थ नाही. पण फोडलेला कातळ पुन्हा कातळ होत नाही, आणि जिथून माती उचलून आणली त्या उताराचंही काहीतरी गेलेलं असतं. चिरेखाणीचं तर उघडच आहे. जांभ्याचं कवच आणि खालचा दगड काढून नेला की पाणी साठवणारा थरच गेला, मागे चिकणमातीचा चौकोनी खड्डा उरतो.

सडे बहुतांशी खासगी मालकीचे आहेत, अनेकदा एका सातबाऱ्यावर वीस-पंचवीस नावं. चिरे काढायला दिले तर पैसे मिळतात, आंबा लावला तर मिळतात, कातळ तसाच ठेवला तर काही मिळत नाही. उक्षीत हत्तीच्या शिल्पाभोवती कठडा घालून ते जपलं गेलं आहे, चांगलं झालं. पण कठडा शिल्पाला घालता येतो. पावसाळी डबकं, दीपकाडीचा कांदा आणि खालच्या वाडीचा झरा यांना तो कसा घालणार, याचं उत्तर अजून कुठल्याच खात्याकडे नाही. माझं मत विचाराल तर सुरुवात झऱ्यापासून करावी. फुलं आणि शिल्पं जपा म्हटलं तर ते पाहुण्यांसाठी वाटतं. तुमच्या झऱ्याचं पाणी या अमुक चाळीस एकर कातळावरून येतं, असं गावाला नकाशावर दाखवता आलं तर चर्चा वेगळी होते.

बघायला जायचं असेल तर फुलांसाठी जुलै ते सप्टेंबर, शिल्पांसाठी नोव्हेंबर ते फेब्रुवारी. शिल्पं सकाळी लवकर किंवा उन्हं उतरल्यावर पाहावीत, तिरप्या प्रकाशात खोदलेल्या रेषांना सावली मिळते आणि आकृती उठून दिसतात. भर दुपारी शेजारी उभं राहूनही दिसत नाहीत. पावसात शेवाळावरून पाय घसरतो, तेव्हा चांगली पकड असलेली पादत्राणं हवीत. गाडी डांबरी रस्त्यावरच ठेवा. सपाट दिसतं म्हणून लोक ती थेट कातळावर घालतात, आणि दोन बोटं मातीत जगणाऱ्या झाडांवरून चाक गेलं की त्या जागी पुढची काही वर्षं नुसता दगड दिसतो.